काबुराने रीतसर देश सोडला

देश कसा सोडायचा हे आमच्या कातुम्बा या निर्वासितांच्या वसाहतीत मी दोन हजार माणसांना शिकवलं. कागद पुढे ओढायचा, डाव्या अंगठ्याला शाई लावायची आणि मास्तर, म्हणजे मी, दाखवीन त्या चौकोनात अंगठा टेकवायचा. झालं. बुरुंडीचं नागरिकत्व सुटलं आणि टांझानियाचं मिळायची वाट मोकळी झाली. एका माणसाला तीन मिनिटं पुरत. मी लिहिता-वाचता माणूस, त्यामुळे माझ्या सहीला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानच वाटला. मग रांगेत काबुरा आली. तिने अकरा दिवस लावले.

काबुरा ज्वारीची बिअर करते. इम्पेके. गेली तीस वर्षं वसाहतीत बारसं, लग्न, गाईचा सौदा, बांधाचा तंटा, काहीही असो, मडकं तिच्या अंगणातून निघतं. दोन तिवया समोरासमोर, मध्ये मडकं, त्यात दोन लांब नळ्या. यजमान आधी पितो, म्हणजे आत विष नाही हे समोरच्याला दिसतं. मग समोरचा पितो. मग पंच सिंदिम्वो आपली काठी जमिनीवर आपटतो आणि बोललेलं पक्कं होतं. कागदावर काबुराचा काडीचा विश्वास नाही. "कागदाला वाळवी लागते," ती म्हणते, "पोटात गेलेल्याला लागत नाही."

आणि बाई हट्टी. माझ्याच लग्नात माझा बाप आणि सासरा गाईच्या शिंगांवरून भांडायला लागले, तेव्हा तिने दोघांच्या मधलं मडकं उचललं, डोक्यावर घेतलं आणि घरी निघून गेली. जाताना म्हणाली, "भांडण संपलं की बोलवा. हे भांडणासाठी आंबवलेलं नाही." माझं लग्न अर्धा दिवस उशिरा लागलं ते त्यामुळे. बायको अजून म्हणते, तेवढा अर्धा दिवस विचार करायला मिळाला होता, मीच वाया घालवला.

तर काबुरा रांगेतून टेबलापाशी आली. सोबत नात सिवेमा. सतरा वर्षांची, आईमागे आजीनेच वाढवलेली. टाबोऱ्याच्या नर्सिंगच्या शाळेत तिचा नंबर लागला होता, पण आम्हा निर्वासितांना वसाहतीबाहेर पाऊल टाकायचं तर परवाना लागे आणि शाळेला नागरिकत्वाचा कागद हवा होता. पोरीचं नाव आजीच्याच अर्जात होतं. आजीचा अंगठा उमटला की नातीचं काम होणार, इतकं ते सरळ होतं.

टेबलामागे म्वाकालिंगा साहेब. म्पांडाहून मोटरसायकलवर येणारा तरणा अधिकारी, आमच्या बायकांना 'आजी' म्हणून उठून खुर्ची देणारा. माणूस सज्जन, पण आमच्या रीतभातीपुढे त्याच्या नाकी नऊ येत.

"गाव?" त्याने विचारलं.

"गाव नाही, टेकडी. आमच्याकडे टेकडी हेच गाव. रुहिन्गा टेकडी."

"बरं, टेकडी. आजी, तुमचं नाव काबुरा, वडिलांचं नाव म्बोनिम्पा, भावाचं न्याबेंदा. एका घरातली तीन माणसं आणि तिघांना मिळून एक आडनाव नाही?"

"बापाचं नाव बापाला ठेवलं होतं. मला माझं ठेवलं. भावाला का उसनं देतील?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, आमच्यात असंच असतं. पुढे चला." मी कागद काबुराच्या पुढे सरकवला, शाईचा डबा उघडला. तिने कागद उचलला नाही. ती खोलीभर बघत होती, कुणाला तरी शोधत असल्यासारखी.

"काय लिहिलंय यात?"

"की तू बुरुंडी देश सोडलास, मावशी. कायमचा."

"आणि बुरुंडीकडून कोण आलंय?"

"कुणी नाही. कशाला येईल?"

"अरे मास्तर, सोडणं एकट्याचं असतं का? गाय विकली तरी घेणारा लागतो, देणारा लागतो. मी सोडते म्हणणार, तर समोरून 'जा' म्हणणारं कुणी नको? मडकं कुठंय? प्यायचं कुणी?"

रांगेत खसखस पिकली. साहेबसुद्धा हसले. म्हणाले, "आजी, सरकारी काम आहे. इथे मडकं कसं ठेवणार?"

"तुमच्या टेबलावर नका ठेवू. माझ्या अंगणात ठेवते. तुमची कागदांची पेटी कधी जाते?"

"पुढच्या शुक्रवारी. दुपारच्या गाडीने. त्यानंतर मात्र माझ्या हातात काही नाही."

काबुराने बोटांवर दिवस मोजले. भिजत घालायला एक, मोड यायला तीन, वाळायला दोन, दळण, शिजवण, आंबवण. "गुरुवारी तयार होते," ती म्हणाली. "शुक्रवारी सकाळी अंगठा घ्या."

सिवेमा बाहेर येऊन रडली. मी काबुरावर तडकलो. "मावशी, साऱ्या वसाहतीने अंगठे दिले. मी सही केली. आम्ही काय मूर्ख? पोरीच्या आयुष्याशी खेळू नकोस."

ती चिडली नाही. तिचं चिडणं मला परवडलं असतं. ती म्हणाली, "पोरीचं मी काही बुडवणार नाही. शुक्रवारी सकाळी अंगठा देणार म्हणजे देणारच. पण मास्तर, तू इथंच जन्मलास. मी एकदा देश सोडलाय. पंधरा वर्षांची होते. चुलीवर घेवडा शिजत होता. सैनिक टेकडी चढताना दिसले आणि आम्ही मागच्या केळींतून पळालो. आईला सांगितलं नाही, शेजारणीला नाही. दार सताड उघडं. अडतीस वर्षं झाली, मला तो घेवडा करपल्याचा वास येतो. चोरासारखी गेले. आता जायचंय तर उजेडी जाईन, सगळ्यांदेखत, आणि समोरच्याने 'जा' म्हटल्यावर जाईन. नाहीतर ते पुन्हा पळूनच जाणं झालं."

मी सिवेमाला म्हटलं, "चल, ज्वारी निवडायला घे."

समोर कोण बसणार, हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं आणि ते ऐकून मी कपाळावर हात मारला. तिचा भाऊ न्याबेंदा.

न्याबेंदा तिच्याहून चार वर्षांनी मोठा. बहात्तर सालच्या कत्तलीत तिला हाताला धरून त्यानेच पळवलं, मालागारासी नदी तिला खांद्यावर घेऊन ओलांडली. इथे जंगल तोडून दोघांनी शेजारी शेजारी शेतं केली. मग दोन वर्षांपूर्वी सरकारने विचारलं, इथले होता की परत जाता? न्याबेंदा परतणाऱ्यांच्या यादीत गेला, काबुरा राहणाऱ्यांच्या. ट्रक निघायच्या दिवशी साऱ्या वसाहतीसमोर दोघांची जुंपली.

"बापाच्या जमिनीवर चल," तो ट्रकवरून ओरडला.

"ती जमीन तुला मिळेल, दादा. मुलीला आपल्यात बापाच्या जमिनीतून काय मिळतं? कुदळ! हे शेत मी स्वतः जंगल तोडून केलंय. हे माझं आहे. मी यातून हलणार नाही."

त्यावर त्याने टोपी काढली आणि शपथ घेतली, की बापाचा देश टाकणाऱ्या बहिणीबरोबर मी जन्मात एका मडक्याला तोंड लावणार नाही. आमच्यात एका मडक्यातून न पिणं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक. त्यापेक्षा थोबाडीत मारलेली बरी. ट्रक गेला. दोन वर्षांत त्याने एक निरोप पाठवला नाही.

आणि ही बाई त्यालाच बोलावणार होती, आणि तेही देश टाकण्यासाठी. म्हणजे घर जाळायचं आणि काडी घरमालकाकडूनच मागायची!

फोन माझा. शाळेमागच्या मोठ्या वारुळावर चढलं की तिथे रेंज येते, म्हणून आम्ही दोघं वारुळावर. पलीकडून आवाज आला, "कोण?"

"मी काबुरा."

मग, "कोण काबुरा?"

"जिला नदीत खांद्यावर घेतलं होतंस ती."

"ती हलकी होती."

"आता जड झालेय. म्हणून तर पायांनी उभी आहे. ऐक. गुरुवारी मडकं ठेवतेय. देश सोडतेय. देशाकडून कुणीतरी समोर बसायला हवं. तू ये."

"माझी शपथ विसरलीस वाटतं?"

"विसरले असते तर दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं."

"मी येणार नाही, काबुरे."

"बरं. ज्वारी भिजत घातलीय," असं म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला तर बंद झालेला. कुणी आधी बंद केला ते मला अजून कळलेलं नाही.

पुढचे दहा दिवस तिचं काम मी जवळून पाहिलं, कारण मला शाळेनंतर दुसरं काही सुचतच नव्हतं. ज्वारी केळीच्या पानांखाली दडपली. तिसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढे मोड आले. वाळवली, सिवेमाने दळली, मोठ्या हंड्यात शिजवली. काबुरा ढवळताना गात होती. मी दोनदा विचारलं, "मावशी, नाही आला तर?" पहिल्यांदा म्हणाली, "येईल." दुसऱ्यांदा म्हणाली, "मास्तर, तू कधी बिअर केलीयस? रोज झाकण उघडून बघणाऱ्याची नासते."

गुरुवारी दुपारी आंब्याखाली अख्खी वसाहत जमली. फुकटची म्हटल्यावर आमची माणसं अंथरुणातूनही उठून येतात. पंच सिंदिम्वो काठी घेऊन आला. साहेबसुद्धा आले, शाईचा डबा आणि कागद पिशवीत घालून. म्हणाले, उद्या सकाळी परत खेप नको म्हणून आलो. पण डोळ्यांत नुसतं कुतूहल होतं. काबुराने नवं लुगडं नेसलं होतं. दोन तिवया मांडल्या, मध्ये मडकं, दोन नळ्या. एका तिवईवर ती बसली. दुसरी रिकामी.

एक तास गेला. मडक्यावरचा फेस बसायला लागला. इम्पेके कुणाची वाट बघत नाही. संध्याकाळपर्यंत ती आंबटढाण होते.

तंबाखूवाला बांपोये जिभल्या चाटत होता. शेवटी त्याच्याने राहवेना. "मावशी, मी बसतो की बुरुंडी म्हणून! त्यात काय? 'जा' तर म्हणायचं."

"ये," काबुरा म्हणाली. तो धावतच येऊन बसला, नळी हातात धरली. "थांब. तू अंगठा कधी दिलास?"

"गेल्या सोमवारी."

"मग ऊठ. तू टांझानिया आहेस."

काय हशा पिकला! बांपोये हात झटकत उठला. मग काबुराने दुसऱ्याकडे पाहिलं, तिसऱ्याकडे पाहिलं. "तू बसतोस? नाही? तू?" जो तो मान खाली घालत होता. सिंदिम्वो पंचाने तर काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून डोळे मिटले. त्याचा अंगठा मीच घेतला होता. हसणं हळूहळू विरलं. आंब्याखाली तीनशे माणसं, सगळी त्या टेकड्यांवरून आलेली किंवा तिथून आलेल्यांच्या पोटची, आणि त्यांत बुरुंडी म्हणून बसू शकेल असा एकही माणूस उरला नव्हता. होती ती एकटी काबुरा, आणि तिलाच तर निरोप घ्यायचा होता.

मला लाज वाटली. सही केल्याची नाही. सही मी आजही करीन. अर्ध्या मिनिटात केली, मागे वळून कुणाला सांगितलंही नाही, याची वाटली. माझी आई त्या टेकड्यांची नावं घेत मेली. तिच्या वतीने तरी दोन घोट कुणाबरोबर घ्यायला हवे होते.

सिवेमा आजीजवळ जाऊन बसली. "आजी, ते नाही येणार. दे ना अंगठा."

"देते ग. सूर्य आंब्याच्या खाली जाऊ दे. तोवर बसते." पण तिचा आवाज पहिल्यांदाच जरा बसला होता, आणि तो मला ऐकवेना. मी उठून रस्त्याच्या बाजूला गेलो.

म्हणून मला तो आधी दिसला. भाड्याच्या सायकलीच्या कॅरियरवर, दोन्ही पाय लांब सोडून, धुळीने पांढरा झालेला न्याबेंदा. दोन बस आणि ही सायकल, दीड दिवसाचा प्रवास. सायकल थांबेपर्यंत तो उतरलासुद्धा. सरळ आंब्याखाली गेला आणि काबुरासमोर उभा राहिला.

"मी शपथ मोडायला आलेलो नाही," तो म्हणाला.

"मग कशाला आलास?"

"भाऊ म्हणून मी तुझ्याबरोबर पिणार नाही. ते ठरलंय. पण तू भावाला बोलावलं नाहीस. देशाला बोलावलंस." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिवईवर बसला. "देशाने शपथ घेतलेली नाही."

सिंदिम्वोने डोळे उघडले आणि काठी सरळ धरली. काबुराने नळी उचलली, रिवाजाप्रमाणे. मडकं तिचं, अंगण तिचं, ती यजमान. तिने आधी प्यायला हवं. न्याबेंदाने हात पुढे करून मडकं आपल्या बाजूला ओढलं.

"यजमान मी," तो म्हणाला. "तू माझ्या घरातून निघते आहेस. मी आधी पिणार."

आणि तो प्यायला. सावकाश, तीन घोट, सगळ्यांना त्याचा कंठ हलताना दिसेल असे. मग मडकं तिच्याकडे सरकवलं.

"विष नाही," तो म्हणाला. "तेव्हा होतं. तू चूल सोडून पळालीस, तुला कुणी 'जा' म्हटलं नाही आणि 'थांब' म्हटलं नाही. तुझी चूक नव्हती. माझी होती." तो हे भाऊ म्हणून बोलत नव्हता हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, आणि त्याचे ओठ भावाचेच थरथरत होते. "लेकरा, आता उजेड आहे. पोट भरलेलं आहे. सगळे बघतायत. जा."

अडतीस वर्षांत आम्हाला कुणी हे म्हटलं नव्हतं. कुठल्या सरकारने नाही, साहेबाने नाही, रेडिओवर नाही. म्हटलं ते एका धुळीने माखलेल्या म्हाताऱ्याने, आमच्या आंब्याखाली. बायका पदरात तोंड घालून रडत होत्या आणि बांपोयेसुद्धा बिअर विसरला होता. मी रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

काबुरा प्यायली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने नळी सोडली नाही. पिऊन झाल्यावर ताठ बसली आणि आवाज चढवून म्हणाली, "मी सोडते. राग ठेवून नाही. चोरून नाही." सिंदिम्वोची काठी जमिनीवर तीनदा आपटली.

मी शाईचा डबा उघडला. तिने अंगठा चौकोनात असा दाबला, की कागदाच्या मागच्या बाजूलाही उमटला. सिवेमाने तो कागद फुंकर घालून वाळवला आणि स्वतःच्या हाताने साहेबांच्या पिशवीत ठेवला.

मग मडकी फिरली, आवाज चढले, बांपोयेला एकदाची नळी मिळाली. साहेब मात्र न्याबेंदाकडे बघत होते. त्यांची सवय जाईना. जवळ येऊन अगदी मऊपणाने म्हणाले, "आजोबा, माफ करा हं, पण तुम्ही आता परदेशी. तुमचा इकडे यायचा परवाना बघू?"

न्याबेंदाने खिसे चाचपले. एका खिशातून बसचं तिकीट निघालं, दुसऱ्यातून शेंगदाणे. परवान्याचं त्याच्या लक्षातच आलं नसावं. तो पहिल्यांदा गडबडलेला दिसला, आणि त्याने बहिणीकडे पाहिलं.

काबुरा उठली. मक्याच्या पिठाच्या उगालीची टोपली आणि घेवड्याचं भांडं घेऊन आली, भावाच्या हातावर पाणी घातलं आणि साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, पाहुणा आहे तो," ती म्हणाली. "आमच्या टांझानियात पाहुण्याला आधी जेवायला वाढतात. कागद मग विचारतात. तुम्हीही बसा."

साहेब बसले. न्याबेंदाने घेवड्याचा पहिला घास घेतला, चावला, आणि म्हणाला, "करपला नाही."

"नाही," काबुरा म्हणाली. "या वेळी उतरवून ठेवला होता."